जिन्यावरची जागा

शनिवारी सकाळी सराव असला की हर्षदा लोखंडेचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळासारख्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांनी भरलेला असायचा, चुडा भरल्यासारखा. त्यातली एकच पट्टी तिची स्वतःची. बाकीच्या सगळ्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या मुलींच्या. कोणी रात्रभर जर्नल पुरं करून आत्ता कुठे झोपलेली, कोणी डोक्याला मेंदी थापून बसलेली, कोणी आदल्या संध्याकाळीच एसटी पकडून गावाला पसार झालेली. भूकंपाच्या सरावाला हजेरी नसेल तर परीक्षेचं हॉल तिकीट अडायचं, आणि हजेरी लागायची ती पट्टीची. पट्टी मैदानात पोचली म्हणजे मुलगी पोचली. वर्गात एकमेकींची प्रॉक्सी मारून इथवर आलेल्या पोरींना यात काही पाप आहे असं वाटायचं कारणच नव्हतं. हर्षदा मजलाप्रमुख होती, पायाने चपळ होती आणि नाही म्हणणं तिला जमत नसे.

"माझीपण ने की गं," सुमैया मुलाणी पांघरुणातून नुसता हात बाहेर काढून म्हणायची. "आत्ताच झोपलीय मी."

"रोजचंच आहे तुझं. एकदा तरी पळ."

"तू पळतीस ते बास झालं. दोघींचं पळून ये."

पहिल्या वर्षी या दोघी एकाच खोलीत होत्या. हर्षदा सिव्हिलची, सुमैया इलेक्ट्रॉनिक्सची; एक चिपळूणची, दुसरी इथेच उंब्रजची, जिच्या वडलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. पुढे हर्षदा मजलाप्रमुख झाली आणि नियमाप्रमाणे तिला जिन्याला लागून असलेली खोली घ्यावी लागली. सुमैया तिथेच राहिली, लांबलचक व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तरी जेवण, चहा, रडणं, हसणं एकत्रच चालायचं.

या पट्टीमागच्या यंत्रणेचं नाव 'सावध'. कोयनेच्या खोऱ्यात जमीन अधूनमधून हलते हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ती कधी हलणार हे आधी सांगणं मात्र कुणाला जमलेलं नव्हतं, आणि सावधलाही जमत नव्हतं. त्याला जमायचं ते एवढंच, की झालेला भूकंप तुमच्यापर्यंत पोचण्याआधी त्याची खबर पोचवायची. जमीन जिथे फाटते तिथून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली वेगाने धावते, पण तिच्यात फारसा जोर नसतो. फार तर मांडणीवरची भांडी वाजतात. दुसरी मागून सावकाश येते, आणि घरं पाडते ती हीच. खोऱ्यात इंटरनेटसाठी पुरलेल्या काचेच्या तंतूंमधून सावध सतत प्रकाश सोडत राहायचं. जमीन केसभर ताणली गेली तरी परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडायचा. लाटेला दगडमातीतून यायचं असतं, बातमी मात्र प्रकाशाच्या वेगाने येते. त्यामुळे कराडजवळच्या या विद्यापीठाला दहा-बारा सेकंद हाताशी मिळणार होते.

दहा-बारा सेकंदांत काय होतं, असं कुणी विचारेल. नीट बांधलेल्या इमारतीत काही करायचंच नसतं. टेबलाखाली शिरायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा आणि हादरे थांबेपर्यंत तिथून हलायचं नाही. पण मुलींचं हे जुनं वसतिगृह नदीकाठच्या गाळावर उभं होतं. खडकातून लाट सरळ निघून जाते, गाळात ती रेंगाळते आणि मोठी होते. त्यातून या इमारतीच्या तळाला भिंतीच नव्हत्या. नुसते खांब, खांबांमध्ये स्कूटी लावायची जागा, आणि डोक्यावर दोन मजले. मोठा हादरा बसला तर आधी ते खांब बसणार, हे सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही कळत होतं.

म्हणून या इमारतीपुरता सावधचा नियम वेगळा होता. जिला बाहेर पडता येईल तिने बाहेर पडायचं. पण जिना एकच, दोघी शेजारी उतरल्या तर खांदे घासतील एवढा. सगळ्या एकदम धावल्या तर जिन्यातच कोंडी होणार आणि कुणीच बाहेर पडणार नाही. तेव्हा कोण कुठे आहे आणि जिना किती जणींना पेलेल हे पाहून यंत्र प्रत्येकीच्या पट्टीतून तिचं नाव घ्यायचं आणि पुढे एकच शब्द बोलायचं, 'जा' किंवा 'थांब'. थांब म्हणजे टेबलाखाली. सरावात मात्र 'थांब' आलेलीनेही मागून हजेरीसाठी मैदानात यायचंच. आणि जिना किती पेलतो हे यंत्राला कसं कळायचं? तर सरावावरून. दर शनिवारी पट्ट्या किती वेगाने खाली येतात ते पाहून ते शिकत जायचं.

सुरुवातीला वरच्या मजल्यावरच्या निम्म्याजणींना 'थांब' यायचं. सुमैयाला तर हटकून. मुली हसण्यावारी न्यायच्या, पण ज्यांना 'थांब' यायचं त्या जरा कमी हसायच्या. मग महिन्या-महिन्याने 'थांब' कमी होत गेले आणि दिवाळीनंतरच्या सरावात वरच्या मजल्यावर एकीलाही 'थांब' आलं नाही. त्या रात्री मजल्यावर पावभाजी झाली. सुमैया हर्षदाच्या गळ्यात पडून म्हणाली, "आता मी जगणार बाई. यंत्रानं सांगितलंय."

ही सगळी यंत्रणा उभी केली होती डॉ. चारुदत्त सोहनींनी. भूशास्त्राचे प्राध्यापक, साधा सज्जन माणूस. जानेवारीत त्यांचं व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं होतं, वॉर्डन घोरपडे मॅडम पहिल्या रांगेत. सोहनींनी पडद्यावर एक आलेख दाखवला.

"हा मुलींच्या जुन्या वसतिगृहाचा वरचा मजला. वर्षभरापूर्वी जिन्यावरून जेवढ्या मुली उतरायच्या त्याच्या दुपटीहून जास्त आता उतरतात. आणि गंमत पाहा." त्यांचा आवाज कौतुकाने भरून आला. "या मुली एका तालात धावतात. बारा-बारा पट्ट्यांमधलं पाऊल न् पाऊल जुळतं. जगात कुठे पाहिलं नाही मी असं. याला म्हणतात शिस्त!"

टाळ्या झाल्या. मागून कुणीतरी हर्षदाच्या पाठीत गुद्दा मारला. हर्षदाने मात्र टाळी वाजवली नाही. एका तालात बारा मुली धावत नव्हत्या. एक मुलगी धावत होती, बारा पट्ट्या घालून. यंत्र जे शिकलं होतं ते तिच्या हातावरून शिकलं होतं. उद्या खरंच जमीन हलली तर ते सगळ्यांना 'जा' म्हणेल, सगळ्या धावतील, आणि जिन्यात जिवंत माणसांचं बूच बसेल. 

ती दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सोहनींच्या खोलीत जाऊन तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

सोहनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.  मग म्हणाले, "मी यावर शोधनिबंध लिहिला, हर्षदा."

"सॉरी, सर."

"नावं नकोत मला. कुणाचं हॉल तिकीट अडवणार नाही. पण हे सगळे सराव पुसावे लागतील. पुढच्या शनिवारपासून दारात माणूस उभा राहील, आणि जिना खरा किती पेलतो ते यंत्राला नव्याने शिकवू."

"मग 'थांब' परत येतील."

"येतील. पहिल्यापेक्षा जास्तच. पहिलेही आकडे फुगलेलेच असणार."

"सर, मग खांब मजबूत करा ना. भोवती काँक्रीटचं जॅकेटिंग केलं तर कुणालाच पळायला नको."

सोहनी कसनुसं हसले. "मंजूर झालेलं होतं ते. मग सावध आलं. समितीत सगळे म्हणाले, यंत्र एवढी माणसं वाचवतंय तर खांबांची घाई कशाला, पाहू पुढच्या वर्षी." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "त्या बैठकीत मीही होतो. मीच तो आलेख दाखवला होता."

पुढच्या सरावाला दारात माणूस होता, प्रत्येकीच्या हातात तिची एकच पट्टी होती आणि जिन्यात खरोखरच चेंगराचेंगरी झाली. दोघींचे गुडघे फुटले. त्याच्या पुढच्या शनिवारी पट्ट्या वाजल्या तेव्हा व्हरांड्यातून एकामागून एक 'थांब' ऐकू येत गेलं. जिन्याजवळच्या थोड्या खोल्या सोडल्या तर सगळीकडे तेच. हर्षदाला आलं, "हर्षदा, जा."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. मेसमध्ये ती बसली की शेजारचं ताट उठायचं. "स्वतःला 'जा' आहे ना, मग खरं बोलायला काय जातंय," हे तिला ऐकू जाईल अशा बेताने बोललं जायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुमैया बोलेनाशी झाली. हर्षदा आठवडाभर वाट पाहून शेवटी तिच्या खोलीवर गेली. सुमैयाची खोलीसोबतीण दर्शना, पहिल्या वर्षातली बुजरी मुलगी, दोघींची तोंडं पाहून बादली घेऊन बाहेर सटकली.

"सुमे, बोल ना काहीतरी. शिव्या दे, पण बोल."

"काय बोलू? बरोबरच केलंस की तू. समद्या धावल्या असत्या तर समद्या मेल्या असत्या. मला गणित येतंय."

"मग?"

"मग काय! गणितात वजा व्हायचं ते मी झाले, एवढंच." सुमैया तिच्याकडे वळली. "तू मला आधी सांगायचं होतंस गं. तू सरांकडं गेलीस, मग मला कळलं, ते पण दुसरीकडनं. मी नको म्हणाले नसते. पण मला इचारायचं तरी."

हर्षदाला रडू आलं. सुमैयाचं म्हणणं खरं होतं. तिने विचारलं नव्हतं, कारण सुमैया काय म्हणेल याची तिला भीती वाटली होती.

"अब्बा म्हणतायत घरी चल," सुमैया म्हणाली. "रोज उंब्रजवरनं एसटीनं ये-जा कर म्हणतायत. प्रॅक्टिकल संध्याकाळी संपतंय, कसं जमायचं? पण त्यांना झोप लागंना झालीय. सराव चालू असताना त्यांनी 'थांब' ऐकलंय फोनवर."

तेव्हा हर्षदा ते बोलली. ठरवून आली नव्हती. तोंडातून निघून गेलं, आणि निघून गेल्यावर ते खरं आहे, मनापासून आहे असं तिला वाटलं.

"माझी जागा तुझी."

"काय?"

"यंत्र माणसं मोजतं. जिन्यावर माझी एक जागा धरलेली आहे. मी नाही उतरले आणि तू उतरलीस तर गणित तेच राहतं. वाजलं की मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून तुला हाक मारीन. तू पळत यायचं. मी माझ्या टेबलाखाली."

"येडी हायेस का?"

"मी अंगानं बारीक आहे, माझं टेबल लोखंडी आहे. आणि तुझ्यावर मी हे आणलंय. पण एक ऐक, माझी हाक आली तरच निघायचं. मी खोलीत नसले तर यंत्र ती जागा दुसऱ्या कुणाला देईल, मग तू मध्ये घुसलीस तर सगळ्याच अडकतील. हाक नाही आली तर सरळ टेबलाखाली."

सुमैया नको नको म्हणत राहिली.  मग तिने हर्षदाचा हात धरला. जगायची इच्छा कुणाला नसते? त्या संध्याकाळी तिने वडलांना फोन करून हर्षदाने तिची जागा दिल्याचं सांगितलं, आणि घरी जायची आवराआवर थांबली.

हे ठरलं ते बोलण्यातच. करून मात्र कधी पाहिलं नाही. सरावात तसं करायची सोय नव्हती, दारातला माणूस पट्टी आणि तोंड जुळवून पाहायचा. त्यामुळे प्रत्येक शनिवारी पट्टी म्हणायची "हर्षदा, जा" आणि हर्षदा धावायची. कठड्याला हात, एक सोडून एक पायरी, वळणावर भिंतीला खांदा, आणि मैदान. अंगवळणी पडलं होतं ते, चप्पल पायात सरकवावी इतकं.

एप्रिलमध्ये परीक्षेची सुट्टी लागली. एका दुपारी जेवणं आटोपली होती. ऊन रणरणत होतं, निम्म्या मुली पंख्याखाली पुस्तक तोंडावर घेऊन आडव्या झाल्या होत्या. हर्षदा तुळईचं गणित सोडवत होती. पट्टी थरथरली.

"हर्षदा, जा."

शनिवार नव्हता. हे तिच्या लक्षात आलं ते कठड्याला हात लागल्यावर. पुढे-मागे मुली होत्या, कुणी ओरडत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. एक सोडून एक पायरी. वळणावर भिंतीला खांदा. खांबांमधून बाहेर आणि मग उन्हाने तापलेली मैदानातली माती तिच्या अनवाणी पायांना चटका देऊन गेली. त्या चटक्याने ती भानावर आली. आपण कुठे असायला हवं होतं ते तिला तेव्हा आठवलं.

ती वळली. वसतिगृह अजून उभं होतं. जीव खाऊन ती ओरडली, "सुमैयाऽऽ!"

मग खालून गडगडाट आला आणि जमिनीने तिला उचलून आपटलं. ती हातापायांवर पडून बघत राहिली. खांब आधी एका बाजूला कलले, मग दुसऱ्या, आणि मग ते नव्हतेच. दोन मजले सरळ खाली बसले. वरचा मजला मधोमध दुमडला. धुळीचा लोट मैदानावरून आला आणि कुणाला कुणी दिसेना.

धूळ बसली तेव्हा सावधचं काम किती चोख झालं ते दिसलं. ज्यांना 'जा' आलं होतं त्या सगळ्या मैदानात होत्या. एकीलाही ओरखडा नव्हता. जिन्यात कोणीच अडकलं नव्हतं. सोहनी धावत आले, मुलींच्या डोक्यांवरून नजर फिरवत राहिले, आणि हर्षदाचे दोन्ही खांदे धरून म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून या सगळ्या आहेत. जुन्या आकड्यांवर चाललं असतं तर..."  ते वळून ढिगाऱ्याकडे गेले आणि हातानेच विटा उपसू लागले.

हर्षदाही उपसत होती. नखं तुटली तरी थांबली नाही. जी बाहेर येई तिला ती एकच विचारे, "शेवटची खोली? शेवटच्या खोलीतलं कुणी?" बचाव पथकाचे जवान आले, क्रेन आली, आणि दुपार उलटल्यावर व्हरांड्याच्या त्या टोकाचा स्लॅब उचलला गेला. दुमडलेल्या छताखाली तिथे एक कोपरा तसाच राहिला होता. टेबलाखालून दर्शना निघाली, धुळीने पांढरी, पण सगळी धड. हाडही मोडलं नव्हतं.

हर्षदाने तिला स्ट्रेचरवरच गाठलं. "सुमैया? ती टेबलाखाली होती ना तुझ्याबरोबर?"

दर्शनाने मान हलवली. 

"दारात उभी होती ताई. मी म्हणले चला आत, जागा हाय दोघींना. म्हणली, थांब, हर्षदाची हाक येईल. नाहीच आली. मग ती आत वळली. वाकली पण होती टेबलाखाली यायला. तेवढ्यात खालनं तुमची हाक आली."

"मग?"

"मग पळाली."

व्हरांड्याचा मधला भाग उचलला जायचा होता. तिथे घाई नव्हती, असं जवान आपसात बोलत होते ते हर्षदाने ऐकलं. ती मैदानाच्या कडेला येऊन खाली बसली. तिला रडू येत नव्हतं. आपल्याला मारावं, कुणीतरी येऊन मरेस्तोवर मारावं, एवढंच तिला वाटत होतं.

ऊन कलल्यावर उंब्रजकडून एक मोटारसायकल आली. रस्ता खचलेला होता, तिचा पत्रा चेपला होता, आणि सुमैयाच्या अब्बांच्या, युनूसभाई मुलाणींच्या कपाळावरून रक्त ओघळून वाळलं होतं. मैदानात मुली घोळक्याघोळक्याने बसल्या होत्या. ते एकेका घोळक्याशी थांबत, तोंडं बघत पुढे येत होते. घाबरलेले दिसत नव्हते. लेकीला शोधणाऱ्या बाकीच्या बापांसारखे ते हाका मारत नव्हते. त्यांची मुलगी बाहेरच असणार होती, तिने फोनवर तसं सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीसाठी मात्र त्यांचा जीव तुटत असावा, कारण ढिगाऱ्याकडे नजर गेली की ते ओठ हलवून काहीतरी पुटपुटत होते.

मग त्यांना हर्षदा दिसली.

ते जागच्या जागी उभे राहिले. तिच्या अनवाणी पायांकडे त्यांनी पाहिलं, रक्ताळलेल्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्या आजूबाजूला पाहिलं. तिथे दुसरं कुणी नव्हतं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"पोरी, तू हितं कशी?"